क्लायंटची वेबसाइट कोणत्या बिल्डरवर बनवावी? बुलढाणा जिल्ह्यातल्या कामांच्या उदाहरणांसह संपूर्ण माहिती

मार्च २०२४ मध्ये गूगलने एक सेवा बंद केली. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून दोन मिनिटांत जी फुकट वेबसाइट बनायची आणि जिच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट बिझनेस डॉट साइट' असायचं, तीच ही सेवा. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला गूगल त्या दुकानाच्या प्रोफाइलवर पाठवत होतं. नंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डवर आणि दुकानाच्या फ्लेक्सवर छापला होता, त्यांच्यासाठी तो छापील मजकूर वाया गेला. अशा वेळी आपल्याकडचा दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "काहून बंद पडली भाऊ? आपन त काहीच केलं नाही!"

त्याचं बरोबरच असतं. निवड त्याने केलेली नसते, साइट बनवून देणाऱ्याने केलेली असते. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या छोट्या व्यवसायांसाठी वेबसाइट बनवतो. तुम्हीही कॉलेज करता करता किंवा नोकरी शोधता शोधता हे काम सुरू करणार असाल, तर पहिला अडथळा हाच येतो: वर्डप्रेस घ्यायचं, विक्स घ्यायचं, शॉपिफाय घ्यायचं की अजून काही? यूट्यूबवर याची उत्तरं भरपूर आहेत, पण त्यातली बरीचशी 'स्वतःची साइट' बनवणाऱ्यासाठी आहेत. क्लायंटच्या कामाचा हिशोब वेगळा असतो, कारण साइट त्याची असते आणि तुम्ही उद्या पुण्याला नोकरीला गेलात तरी ती चालली पाहिजे. या लेखात आपण त्याच नजरेने सगळे पर्याय बघू.

वेबसाइट बिल्डर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे बिल्डर म्हटलं की फ्लॅट बांधणारा डोळ्यांसमोर येतो. गंमत म्हणजे घराचं उदाहरण इथे छान लागू पडतं. कोणत्याही वेबसाइटला तीन गोष्टी लागतात.

१) डोमेन: साइटचा पत्ता. याला साइटचा सातबारा समजा. ज्याच्या नावावर डोमेन, त्याच्या मालकीचा तो पत्ता.
२) होस्टिंग: साइटच्या फाइल्स जिथे ठेवल्या जातात ती जागा, म्हणजे प्लॉट.
३) बिल्डर: कोड न लिहिता पानं तयार करायचं साधन, म्हणजे बांधकाम.

विक्स, शॉपिफाय, स्क्वेअरस्पेस यांच्याकडे प्लॉट आणि बांधकाम एकत्र मिळतं. सजवलेली खोली भाड्याने घेण्यासारखं हे आहे. नळ गळला तर मालक बघतो, पण भिंत पाडायची परवानगी नसते आणि खोली सोडताना भिंत सोबत नेता येत नाही. स्वतःच्या होस्टिंगवर टाकलेलं वर्डप्रेस म्हणजे स्वतःच्या प्लॉटवर बांधलेलं घर. पाहिजे तसं बांधा, उचलून दुसऱ्या होस्टिंगवर न्या, पण गळती आपणच काढायची.

दोन्ही प्रकार योग्य आहेत. मात्र क्लायंटला आपण भाड्याच्या खोलीत ठेवतोय की त्याच्या स्वतःच्या घरात, हे त्याला आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

बिल्डर निवडण्याआधी क्लायंटला विचारायचे पाच प्रश्न

डिझाइन, रंग, लोगो हे सगळं नंतर. मी पहिल्या भेटीत हे पाच प्रश्न विचारतो. निम्मी निवड इथेच होते.

१) साइटवरचा मजकूर कोण बदलणार, आणि कशावरून? दुकानात कॉम्प्युटर आहे की सगळं मोबाइलवर चालतं? मोबाइलवरच असेल, तर ज्या बिल्डरमध्ये फोनवरून फोन नंबर किंवा दर बदलता येत नाहीत, तो बाद.

२) साइटवर काय बदलत राहणार? काही धंद्यांमध्ये वर्षभर काहीच बदलत नाही, काहींमध्ये रोज बदलतं. रोज बदलणाऱ्यासाठी सोपं एडिटिंग हवं. न बदलणाऱ्यासाठी कमी देखभालीची साइट हवी.

३) साइटवर पैसे घ्यायचे आहेत का? 'ऑनलाइन विक्री' म्हणताना बऱ्याच जणांच्या मनात फक्त 'लोकांनी बघून फोन करावा' एवढंच असतं. त्यासाठी दुकान उभारायची गरज नाही. व्हॉट्सॅपचं बटण पुरतं.

४) पुढच्या वर्षीचे पैसे कोण भरणार? क्लायंटच्या कार्डावरून की तुमच्या? उत्तर 'बघू नंतर' असेल, तर काम सुरू करण्याआधीच हा मुद्दा मिटवा.

५) दोन वर्षांनी दुसरीकडे जायचं झालं, तर काय काय सोबत न्यायचं आहे? फोटो आणि चार पानं, की पाचशे वस्तूंची यादी आणि ग्राहकांची नोंद? जितकं जास्त सामान, तितका बाहेर पडायचा रस्ता महत्त्वाचा.

आता एकेक बिल्डर पाहू

गूगल साइट्स

पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, स्वतःचं डोमेन जोडता येतं. साइट गूगल ड्राइव्हमधल्या फाइलसारखी असते, त्यामुळे ती क्लायंटच्या जीमेल खात्यातच बनवायची आणि तुम्ही 'एडिटर' म्हणून आत यायचं. देखभाल जवळपास शून्य. डिझाइनची मोकळीक मात्र कमी आहे, खरेदीची सोय नाही आणि एडिटिंगला कॉम्प्युटर लागतो. सुरुवातीला सांगितलेली बंद झालेली सेवा आणि ही सेवा वेगळी आहे, त्यात गोंधळ करू नका. पण धडा इथेही लागू आहे: स्वतःचं डोमेन जोडल्याशिवाय क्लायंटला साइट देऊ नका. उद्या ही सेवा बदलली, तरी पत्ता तोच ठेवून साइट दुसरीकडे हलवता येते.

वर्डप्रेस, स्वतःच्या होस्टिंगवर

२००३ मध्ये सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट चालवतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, होस्टिंग आणि डोमेनचे पैसे लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० ही आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात ब्लॉक एडिटर आहे आणि साध्या साइटला तो पुरेसा आहे. मराठीत डॅशबोर्डही मिळतो.

वर्डप्रेसची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे बाहेर पडता येणं. पूर्ण साइटचा बॅकअप घेऊन ती दुसऱ्या होस्टिंगवर जशीच्या तशी उभी करता येते. कमजोरी म्हणजे देखभाल. वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन वेळच्या वेळी अपडेट करावे लागतात. अपडेट न केलेलं जुनं प्लगइन हा साइट हॅक होण्याचा नेहमीचा रस्ता आहे. त्यामुळे प्लगइन जितके कमी, तितकं बरं.

एलिमेंटरसारखा पेज बिल्डर वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तो नंतर काढून टाकला तर मजकूर राहतो, पण मांडणी जाते. शिवाय एलिमेंटरचा एडिटर फोनच्या छोट्या स्क्रीनवर नीट चालत नाही. ज्या क्लायंटला फोनवरूनच बदल करायचे आहेत, त्याच्यासाठी साधा ब्लॉक एडिटर वापरा.

वर्डप्रेस डॉट कॉम

नाव तेच, पण ही ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची होस्टिंगसकट मिळणारी सेवा आहे. अपडेट आणि सुरक्षा तेच बघतात. फुकटच्या प्लॅनवर मर्यादा आहेत, पण मजकूर एक्सपोर्ट करून नंतर स्वतःच्या होस्टिंगवर नेता येतो. ज्याला भाड्याची खोली हवी आहे पण पुढे घर बांधायची शक्यता आहे, त्याच्यासाठी हा मधला मार्ग.

विक्स

२००६ मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालेली कंपनी. शिकायला सोपं, दिसायला छान, अपॉइंटमेंट बुकिंग आणि एकापेक्षा जास्त भाषांची सोय आतच मिळते. मालकासाठी मोबाइल ॲप आहे, त्यातून वस्तू, ब्लॉग, बुकिंग सांभाळता येतं. फुकटच्या प्लॅनवर विक्सची जाहिरात आणि विक्सचाच पत्ता राहतो, म्हणून क्लायंटच्या कामाला पैसे भरूनच घ्यावं लागतं.

मुख्य अडचण अशी की विक्सची साइट विक्सच्याच सर्व्हरवर चालते. ती उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वस्तूंची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढता येते, पण डिझाइन नव्याने करावं लागतं. पाच पानांच्या साइटला हे परवडतं, पाचशे पानांच्या साइटला नाही.

शॉपिफाय

कॅनडाची कंपनी, तीही २००६ पासूनची. फक्त विक्रीसाठी घडवलेलं साधन. ऑर्डर, स्टॉक, कुरिअर हे सगळं मोबाइल ॲपवरून सांभाळता येतं आणि त्यात ते खरंच चांगलं आहे. पार्टनर म्हणून नोंदणी केली तर तुम्ही डेव्हलपमेंट स्टोअर फुकट बनवू शकता आणि काम झालं की मालकी क्लायंटकडे देऊ शकता. खर्च मात्र दर महिन्याचा आहे. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे रेझरपेसारखा बाहेरचा गेटवे लावावा लागतो. मग गेटवेचे शुल्क वेगळे आणि शॉपिफायचा प्लॅननुसार टक्का वेगळा. महिन्याला दहा ऑर्डर येणाऱ्याला हे जड जातं.

वेबफ्लो, झोहो साइट्स, ब्लॉगर

वेबफ्लो ज्याला एचटीएमएल आणि सीएसएस थोडंफार कळतं त्याच्यासाठी. पैसे भरलेल्या वर्कस्पेस प्लॅनवर कोड बाहेर काढता येतो, पण फॉर्म आणि डेटाबेसमधला मजकूर बाहेर नेल्यावर आपोआप चालत नाही. झोहो ही चेन्नईची कंपनी आहे. क्लायंट आधीपासून झोहोचा मेल किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत असेल, तर झोहो साइट्सचा विचार जरूर करा. ब्लॉगर २००३ पासून गूगलकडे आहे. लेख आणि बातम्या टाकायच्या असतील तर आजही चालतो, स्वतःचं डोमेन लावता येतं आणि सगळे लेख एकत्र डाउनलोड करता येतात.

कोणत्या क्लायंटला काय द्यावं? जिल्ह्यातली पाच उदाहरणं

१) शेगावचा लॉज

शेगावला येणारा भाविक बऱ्याचदा गाडीतूनच राहण्याची जागा शोधत असतो. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन असल्याने लांबून लोक येतात. प्रकटदिनाला किंवा ऋषिपंचमीला गर्दी झाली की एकाच टॉवरवर हजारो फोन असतात आणि नेट रडतं. अशा वेळी मोठे स्लाइडर आणि व्हिडिओ असलेली साइट उघडतच नाही. इथे एकच पान पुरे: सगळ्यात वर अक्षरांत लिहिलेला फोन नंबर, खोल्यांचे प्रकार, मंदिर आणि स्टेशनपासून चालत किती मिनिटं, मॅपची लिंक, चार हलके फोटो. गूगल साइट्स किंवा साधं वर्डप्रेस. आणखी एक पथ्य पाळा: संस्थानचं चिन्ह किंवा नाव असं वापरू नका की भाविकाला ही संस्थानचीच साइट वाटेल.

२) खामगावचा चांदीचा व्यापारी

चांदीसाठी खामगावचं नाव लांबपर्यंत आहे, म्हणून हा क्लायंट हमखास म्हणतो, "ॲमेझॉनसारखं दुकान बनवून द्या." थांबा. चांदीचा भाव रोज बदलतो. प्रत्येक ताटावर किंमत टाकली तर ती रोज बदलावी लागेल, आणि एक दिवस राहिली की ग्राहकाशी वाद. त्याच्यासाठी कॅटलॉग चांगला: वस्तूचा फोटो, वजन, शुद्धता, आणि खाली 'आजचा भाव विचारा' असं व्हॉट्सॅप बटण. वस्तू शेकड्यांत असतील आणि पुढे वाढणार असतील तर वर्डप्रेस, कारण इथे सोबत न्यायचं सामान जास्त आहे. पुढे विक्री सुरू करायची झाली तर त्यावरच वूकॉमर्स जोडता येतं.

३) लोणारमधलं छोटं हॉटेल किंवा गाइड

लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत आलं. बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं हे विवर बघायला परराज्यातले आणि परदेशातले लोक येतात. म्हणजे साइट दोन भाषांत हवी. वर्डप्रेसमध्ये बहुभाषिक सोयीसाठी वेगळं प्लगइन लागतं, विक्समध्ये ती आतच असते. पाच-सहा पानांची साइट असेल आणि मालकाला देखभालीची कटकट नको असेल, तर मी इथे विक्स सुचवतो. सामान कमी असल्याने पुढे बाहेर पडावं लागलं तरी नुकसान मर्यादित राहतं.

४) चिखली किंवा देऊळगाव राजातलं कृषी सेवा केंद्र

जूनमध्ये इथे रोज एकच प्रश्न असतो: अमुक बियाणं आलं का? इतर महिने शांतता. यासाठी वेबसाइट बनवण्याआधी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा आणि व्हॉट्सॅप चॅनल सुरू करून द्या. दोन्ही फुकट आहेत. क्लायंटला 'तुम्हाला सध्या वेबसाइटची गरज नाही' असं सांगायला धीर लागतो, पण तोच माणूस पुढे चार कामं पाठवतो.

५) पापड-मसाले विकणारा महिला बचत गट

पहिल्याच दिवशी शॉपिफाय नको. व्हॉट्सॅप बिझनेसच्या फुकट कॅटलॉगपासून सुरुवात करा, पैसे यूपीआयवर घ्या. ऑर्डर वाढल्या, कुरिअर आणि स्टॉक वहीत मावेना झालं, की मग दुकानाचा बिल्डर. खाद्यपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआय नोंदणी आधी तपासा आणि तो क्रमांक वस्तूच्या माहितीत टाका.

खर्चाचा हिशोब तीन वर्षांचा करा

जाहिरातीत दिसतो तो दर पहिल्या वर्षाचा असतो. रिन्युअलला तो बराच वाढतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. म्हणून कोटेशन देताना नेहमी तीन वर्षांचा खर्च मांडा. खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. खरे दर त्या दिवशी साइटवर जाऊन बघा, आणि तेही रिन्युअलचे.

वर्डप्रेसचा हिशोब: समजा होस्टिंग पहिल्या वर्षी २,००० रुपये, नंतर ५,००० रुपये. डोमेन दर वर्षी ८०० रुपये. तीन वर्षांचे झाले १२,००० अधिक २,४००, म्हणजे १४,४०० रुपये.

तयार बिल्डरचा हिशोब: समजा महिना ५०० रुपये, म्हणजे तीन वर्षांचे १८,०००. डोमेन पहिल्या वर्षी फुकट, नंतर ८०० प्रमाणे १,६००. एकूण १९,६०० रुपये.

फरक ५,२०० रुपयांचा. वर्डप्रेस स्वस्त दिसतं. पण अपडेट, बॅकअप, तपासणी यांना महिन्याला एक तास धरला तर तीन वर्षांत ३६ तास होतात. म्हणजे ५,२०० रुपये वाचवायला तुम्ही ताशी साधारण १४४ रुपयांनी राबलात, आणि तेही क्लायंटने वेगळे दिले तरच. म्हणून वर्डप्रेस देत असाल तर देखभालीचे वार्षिक पैसे पहिल्याच कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. 'साइट बनवून दिली, आता फोन करू नका' हेही चालत नाही आणि 'आयुष्यभर फुकट सेवा' हेही परवडत नाही.

मराठी मजकूर असेल तर या गोष्टी तपासा

टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेले असतात. त्यात मराठी टाकलं की हे घोळ होतात:

- तुटकी शिरोरेषा: शीर्षकांना 'लेटर स्पेसिंग' दिलेलं असेल तर अक्षरं सुटी होतात. मराठीसाठी ते शून्य करा.
- कापलेल्या मात्रा: ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. साधारण दीडपट अंतर ठेवा.
- चुकीचा फॉन्ट: बिल्डरच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर फोन स्वतःचा कुठलातरी फॉन्ट दाखवतो. मुंबईच्या एक टाइपने बनवलेले मुक्ता आणि बालू, तसंच नोटो सान्स देवनागरी, हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.
- भाषेची सेटिंग: साइटची भाषा 'मराठी' निवडा. काही फॉन्ट त्यावरून मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दाखवतात.
- लांबलचक लिंक: मराठी शीर्षकावरून तयार झालेली लिंक व्हॉट्सॅपवर पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ दिसते. पानाच्या पत्त्यासाठी रोमन अक्षरांतला छोटा शब्द टाका.

बिल्डर पक्का करण्याआधी एका रिकाम्या पानावर एवढंच टाइप करून बघा: 'वऱ्हाड, शेतकऱ्यांना, ज्ञानगंगा, क्षेत्र, शेगाव, लोणार'. हे शब्द स्वस्तातल्या जुन्या फोनवर नीट दिसले, तर पुढे अडचण येत नाही.

अजून एक नेहमीची गोष्ट. क्लायंट मजकूर म्हणून डीटीपी वाल्याकडची फाइल देतो आणि ती श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असते. ती कॉपी करून साइटवर टाकली की भलतीच अक्षरं दिसतात, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. कन्व्हर्टरने बदला आणि नंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. मजकूर बराच असेल तर या कामाचे पैसे वेगळे लावा.

चाव्या क्लायंटच्या हातात द्या

बिल्डरच्या निवडीपेक्षाही जास्त भांडणं या मुद्द्यावर होतात. माझ्याकडे एका दुकानदाराची साइट दुरुस्तीला आली होती. डोमेन आधीच्या डिझायनरच्या नावावर, ओटीपी त्याच्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. पैसे भरायची तयारी असूनही मालकाला स्वतःच्या दुकानाचा पत्ता रिन्यू करता येत नव्हता. शेवटी नवीन डोमेन घेऊन बोर्ड पुन्हा रंगवावा लागला.

हे टाळायचं तर ही यादी पाळा:

१) डोमेन क्लायंटच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर घ्या.
२) बिल्डरचं किंवा होस्टिंगचं खातंही त्याचंच. तुम्ही सहकारी किंवा ॲडमिन म्हणून आत या.
३) वर्डप्रेसमध्ये मालकाला ॲडमिनिस्ट्रेटर खातं द्याच, पण रोजच्या कामासाठी वेगळं 'एडिटर' खातं बनवून द्या, म्हणजे चुकून थीम उडत नाही.
४) रिन्युअलच्या तारखा एका कागदावर लिहून द्या आणि त्याच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.
५) पूर्ण बॅकअप किंवा निदान सगळे फोटो आणि मजकूर त्याच्या ड्राइव्हवर ठेवा.
६) तुमच्यासमोर त्याच्या फोनवरून त्यालाच एक बदल करायला लावा. फोन नंबरचा शेवटचा आकडा बदलून परत नीट करणं, एवढं जमलं तरी पुरे. नाही जमलं, तर बिल्डर त्याच्यासाठी अवघड आहे.

काही जणांना वाटतं की चाव्या आपल्याकडे राहिल्या तर क्लायंट बांधलेला राहतो. छोट्या जिल्ह्यात हे उलटं पडतं. चिखलीतली गोष्ट मेहकरला पोहोचायला एक बाजाराचा दिवस पुरतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. काम सुरू करता येईल का?
मजकूर लिहिणं, फोटो काढणं, बिझनेस प्रोफाइल भरणं, व्हॉट्सॅप कॅटलॉग बनवणं, वर्डप्रेसवर लेख टाकणं हे सगळं मोबाइलवर होतं आणि याचे पैसेही मिळतात. पूर्ण साइटच्या मांडणीसाठी मात्र लॅपटॉप लागतो. पहिल्या एक-दोन कामांच्या पैशांतून जुना लॅपटॉप घेणं हा व्यवहार्य मार्ग आहे.

एआयने एका मिनिटात साइट बनते, मग शिकायचं कशाला?
आराखडा खरंच पटकन बनतो, मीही वापरतो. पण एआयने लिहिलेला मराठी मजकूर जसाच्या तसा टाकू नका. पत्ता, वेळ, सेवा यात तो स्वतःच्या मनाचं भरतो. लॉजमध्ये लिफ्ट नसताना 'लिफ्टची सोय' लिहिलं गेलं, तर ऐकून घ्यायला मालकच काउंटरवर असतो.

टेलिग्रामवर प्रीमियम थीम फुकट मिळते, ती वापरू का?
नको. अशा 'नल्ड' फाइल्समध्ये बऱ्याचदा लपवलेला कोड असतो आणि अपडेट मिळत नाहीत. अधिकृत फुकट थीम शेकडो आहेत.

मराठी डोमेन मिळतं का?
हो, २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' डोमेन घेता येतं. पण ईमेल आणि काही सेवांमध्ये त्याची अडचण येते. मुख्य पत्ता 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' ठेवा आणि मराठी पत्ता त्याकडे वळवा.

थोडक्यात

- एक-दोन पानं, बदल नाही, बजेट नाही: गूगल साइट्स आणि स्वतःचं डोमेन.
- मजकूर वाढत जाणार, पुढे हलवावं लागू शकतं: वर्डप्रेस आणि देखभालीचा वेगळा करार.
- थोडी पानं, दोन भाषा किंवा बुकिंग, देखभाल नको: विक्स.
- रोजच्या रोज ऑर्डर येतात: शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवर वूकॉमर्स.
- अजून ग्राहकच ठरलेले नाहीत: बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॅप, वेबसाइट नंतर.

कंपन्या येतात, दर बदलतात, सेवा बंद पडतात. २००९ मध्ये याहूची जिओसिटीज गेली, २०२३ मध्ये गूगलने आपला डोमेन विकायचा धंदा स्क्वेअरस्पेसला देऊन टाकला. आज या लेखात सांगितलेलं एखादं नावही उद्या नसेल. क्लायंटचं डोमेन त्याच्या नावावर असेल आणि सामान बाहेर काढायचा रस्ता तुम्ही आधीच बघून ठेवला असेल, तर असं काही झाल्यावर दोन दिवसांचं काम निघेल, एवढंच. पुढचं कोटेशन पाठवण्याआधी वरचे पाच प्रश्न कागदावर लिहून क्लायंटकडे जा.